रांगेचा धूर : न्हावा-शेव्याच्या गेटवर फॉर्म तेरा कागदावरून उतरला तेव्हा

वर्ष २०१४, रात्रीचे अडीच, न्हावा-शेवा बंदराजवळच्या करळ फाट्याच्या अलीकडे. चाकणच्या कारखान्यातून माल भरून आलेला ट्रेलर रांगेत उभा. मागे चाळीस फुटी डबा, म्हणजे कंटेनर, सील मारलेला. पुढे नजर पोचेल तिथवर गाड्यांचे लाल दिवे. ड्रायव्हर बीडकडचे, पन्नाशी उलटलेले. ऑफिसात आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायचो. मी कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात रात्रपाळीचा कारकून होतो.

"मामा, फॉर्म तेरा निघालाय. पोरगा बाईकवर आहे."

"तासाभरापासून हेच सांगताय. मागचा हॉर्न मारून जीव काढतोय. घेऊ का गाडी बाजूला?"

"बाजूला घेऊ नका. मग परत शेपटाला लागाल."

मामांनी गाडी रांगेतच ठेवली. रांग दहा-पंधरा फूट सरकली की पहिला गिअर, पुढे, ब्रेक. पुन्हा वाट. इंजिन बंद करावं तर बॅटरी कमजोर होती; एकदा बंद केलं आणि सेल मारून उठलंच नाही तर मागच्या पन्नास जणांच्या शिव्या खाव्या लागणार. म्हणून इंजिन घुरघुरत राहिलं. सायलेन्सरचा धूर शेजारच्या गाडीच्या खिडकीत आणि तिचा मामांच्या. फॉर्म, म्हणजे डबा बंदरात न्यायचा दाखला, पहाटे साडेपाचला पोचला. त्यावर सील नंबरचा एक आकडा चुकला होता, ती गोष्ट वेगळी.

माल वाहतुकीचं प्रदूषण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर घाटात काळा धूर ओकणारा ट्रक येतो. माझ्या डोळ्यांसमोर ही रांग येते. त्या रात्री मामांच्या गाडीत काहीही बिघाड नव्हता आणि रस्ताही धड होता. गाडी थांबली होती ती एका कागदासाठी. पुढच्या दहा वर्षांत तो कागद गेला, त्याच्या मागोमाग आणखी बरेच कागद गेले. धूर किती गेला आणि उरलेला कुठे गेला, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

बंदर आणि त्याच्या दाराशी उभ्या गाड्या

न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. आज त्याचं अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू पोर्ट प्राधिकरण. उरण-पनवेलच्या तोंडी अजून जेएनपीटीच. कंटेनर मोजायचं माप टीईयू, म्हणजे वीस फुटी डबा एक आणि चाळीस फुटी डबा दोन. त्या मापाने २०१४-१५ ला वर्षाला ४५ लाखांच्या आसपास माल हलत होता. २०२४-२५ मध्ये तो ७३ लाखांवर गेला. यातला रेल्वेचा वाटा पाचवा हिस्साही नाही. बाकी सगळं ट्रेलरवर. टीईयूचे डबे करून आणि रेल्वे वजा करून मी ढोबळ हिशेब मांडतो तेव्हा दिवसाला दहा हजारांच्या घरात डबे रस्त्याने ये-जा करताना दिसतात.

यातला निर्यातीचा एक डबा पोर्टात जाण्याआधी किती दारं ओलांडतो ते बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. ट्रेलर आधी रिकाम्या डब्यांच्या यार्डात जातो. तिथे शिपिंग लाइनचं, म्हणजे जहाज कंपनीचं, पत्र दाखवून रिकामा डबा उचलतो. तो घेऊन कारखान्यात जातो, माल भरून घेतो, परत बंदराकडे येतो. कस्टमची परवानगी, मग फॉर्म तेरा, मग टर्मिनलचं, म्हणजे डबे जहाजात चढवायच्या जागेचं, गेट. फॉर्म तेरा म्हणजे आत जायचा दाखला : डबा नंबर, सील नंबर, जहाज, उतरायचं बंदर, वजन. शिपिंग लाइनच्या ऑफिसातून तो मिळवायचा, शिक्के मारून घ्यायचे आणि कागद हातात घेऊन ड्रायव्हरपर्यंत पोचवायचा. डबा आधी निघे, कागद मागून येई. जहाजाची कट-ऑफ, म्हणजे डबा आत घ्यायची शेवटची वेळ, हुकली तर डबा पुढच्या जहाजाला. त्या धास्तीने प्रत्येक जण कागद हातात नसतानाच गाडी रांगेत लावून ठेवी. आम्हीही तेच करायचो. रांग निम्मी अशा गाड्यांची असे ज्यांना आत जायचा अधिकार अजून मिळालेलाच नाही.

आयातीची तऱ्हाही तशीच. जहाजातून उतरलेला डबा थेट मालकाकडे जात नसे. आधी तो कंटेनर फ्रेट स्टेशनला, आमच्या भाषेत सीएफएसला जायचा. द्रोणागिरी, भेंडखळ, चिर्ले, दिघोडे असे आजूबाजूला पसरलेले तीसच्या वर सीएफएस. तिथे उतरवायचा, कस्टमचं सगळं उरकायचं, मग दुसऱ्या ट्रेलरवर चढवून कारखान्याकडे. पाच-पंचवीस किलोमीटरचं अंतर, पण दोन गेटं आणि दोन उचली जास्तीच्या.

थांबलेल्या गाडीचा हिशेब

नीती आयोगाच्या २०२२ च्या एका अहवालात एक जोडी आकडे आहेत : देशातल्या वाहनांत ट्रक फक्त ३ टक्के, पण रस्ते वाहतुकीच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये त्यांचा वाटा ३४ टक्के आणि सूक्ष्म धूलिकणांत ५३ टक्के. त्यात थांबलेल्या गाड्यांचा भाग किती, याचा माझ्यापुरता हिशेब मी मामांच्या त्या रात्रीवरून मांडतो. गृहीतकं माझी आहेत, तेव्हा कुणी पुढे-मागे केली तरी हरकत नाही.

चाकण ते न्हावा-शेवा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. भरलेला ट्रेलर लिटरला तीन किलोमीटर देतो असं धरलं तर चाळीस लिटर डिझेल. उभ्या अवजड इंजिनाला तासाला अडीचेक लिटर लागतं. रांगेतल्या सहा तासांत इंजिन निम्मा वेळ चालू राहिलं तरी सात-आठ लिटर गेलं. म्हणजे सगळ्या प्रवासाला लागलं त्याचा जवळपास पाचवा भाग, जागच्या जागी. एक लिटर डिझेल जळलं की पावणेतीन किलोच्या जरा खाली कार्बन डायऑक्साइड तयार होतो; वीसेक किलो तिथेच, करळच्या हवेत. उलटा हिशेब केला तर दिवसाच्या दहा हजार डब्यांमागे फक्त एक-एक लिटर वाचलं, तरी दिवसाला सत्तावीस टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड कमी होतो. एक नवी गाडी न घेता, एक इंजिन न बदलता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि कमी लोकांना माहीत असलेली. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा, म्हणजे धुराची नवी कडक मर्यादा, लागू झालं. अवजड गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड मारायला यूरियाची टाकी आली, ड्रायव्हर लोक नुसतं 'यूरिया' म्हणतात. पण ही रसायनी भट्टी गरम सायलेन्सरवर चालते. धुराचं तापमान साधारण दोनशे अंशांच्या खाली असलं की यूरिया फवारला जात नाही किंवा उपयोगी पडत नाही. हायवेवर भरल्या गाडीचा धूर तेवढा तापतो. रांगेत दहा फूट सरकून पुन्हा थांबणाऱ्या गाडीचा तापत नाही. म्हणजे जास्त पैसे मोजून घेतलेली स्वच्छ गाडी नेमकी वस्तीजवळच्या रांगेत उभी राहिली की जुन्या गाडीसारखी वागते. शिवाय लांब पल्ल्यावर म्हातारे झालेले घोडे, म्हणजे ट्रेलरची पुढची इंजिनवाली गाडी, पोर्टाच्या जवळच्या फेऱ्यांना लावायची पद्धत जुनीच आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना यूरियाची टाकी मुळातच नाही.

म्हणून इंजिनाच्या आधी थांबण्याकडे बघावं लागतं, आणि थांबण्यामागे बहुतेक वेळा कुणाला तरी काहीतरी माहीत नसतं.

कागद एकेक करून गेला

बदल एका फटक्यात झाला नाही आणि कुणी 'प्रदूषण कमी करू' म्हणून केलाही नाही. व्यवसाय सुलभ करायचा म्हणून केला. धूर कमी होणं हा सोबत आलेला फायदा.

फॉर्म तेरा ऑनलाइन झाला. आमच्या ऑफिसच्या दृष्टीने याहून मोठी क्रांती नाही. बाईकवरचा पोरगा गेला; म्हणजे त्याची नोकरी गेली नाही, तो आता कॉम्प्युटरवर बसून फॉर्म भरतो. पण खरा फायदा वेगळाच होता. फॉर्म मंजूर झाला की नाही हे आम्हाला कळंबोलीत बसून कळायला लागलं. गाडी रांगेत लावून मग वाट बघायची गरज राहिली नाही. सील नंबरची चूक गेटवर सापडायच्या ऐवजी पडद्यावर सापडू लागली. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या डब्याचं पडताळलेलं वजन आधी कळवणं जगभर सक्तीचं झालं. हा नियम कागदाच्या काळात आला असता तर आणखी एक शिक्का आणि आणखी एक तास झाला असता. तो फॉर्मातली एक ओळ होऊन आला.

२०१७ पासून कारखान्यात माल भरताना कस्टमच्या अधिकाऱ्याने समोर उभं राहून सील मारायची पद्धत गेली आणि निर्यातदाराने स्वतः आरएफआयडीचं, म्हणजे यंत्राला लांबून वाचता येणारं, इलेक्ट्रॉनिक सील लावायची पद्धत आली. सील कुणी फोडलं की नाही ते यंत्र वाचून सांगतं. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसरच्या जकात नाक्यांवर ज्यांनी रात्री काढल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा ऑनलाइन दाखला, लागू झालं. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. सरकारी आकड्यांनुसार टोल नाक्यावरचं सरासरी थांबणं २०१८-१९ मधल्या ८ मिनिटांवरून ४७ सेकंदांवर आलं. भरल्या ट्रेलरला शून्यातून उचलायला किती डिझेल लागतं ते चालवणाऱ्याला विचारा; नाक्यावरची आठ मिनिटं नुसती वेळेची नसतात.

आयातीत थेट बंदरातून डिलिव्हरी, म्हणजे डीपीडी, आली. विश्वासू आयातदारांचे डबे सीएफएसला न जाता टर्मिनलवरून सरळ कारखान्याकडे. हे जमायचं तर डबा उतरायच्या आधी कस्टमचं काम झालेलं हवं. २०२१ पासून तर जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत आयातीची कागदपत्रं ऑनलाइन दाखल करणं कायद्यानेच बंधनकारक झालं. डीपीडीच्या प्रत्येक डब्यामागे एक फेरी आणि दोन उचली वाचतात. डिझेल वाचवण्याचा याहून सरळ उपाय मला माहीत नाही.

पण इथे एक पाटी पुसून पुढे जाता येत नाही. जी फेरी बंदराच्या हिशेबात 'वाया' होती, ती इथल्या कुणाची तरी कमाई होती. या बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी उरण-पनवेलच्या गावांनी जमिनी दिल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जण गेले. जमिनी गेल्यावर बऱ्याच घरांनी हप्त्यावर एक-दोन ट्रेलर घेतले आणि पोर्ट ते सीएफएस या छोट्या फेऱ्यांवर संसार चालवला. सीएफएसमध्ये माथाडीपासून सर्व्हेअरपर्यंत स्थानिक पोरं कामाला लागली. डीपीडीला सीएफएसवाल्यांनी विरोध केला, त्यात त्यांचा धंदा होता हे खरं. पण चिर्ल्याचा एका ट्रेलरचा मालक हवेतल्या धूलिकणांच्या तक्त्याकडे कुठल्या डोळ्यांनी बघेल, हेही खरं. त्याच्या घराची खिडकीही त्याच रस्त्यावर उघडते, हा त्यातला पेच.

डबा बोलायला लागला

१ जुलै २०१६ ला न्हावा-शेव्यात लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू झाली. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचं सरकारी महामंडळ आणि जपानची एनईसी यांची ही भागीदारी. कल्पना साधी. डब्याला आरएफआयडी टॅग लावायचा आणि टर्मिनलचं गेट, टोल नाके, सीएफएस, समुद्रापासून दूरची कोरडी बंदरं इथे तो वाचणारी यंत्रं बसवायची. डबा नंबर टाकला की तो कधी कुठून गेला ते वेबसाइटवर दिसतं.

आम्हाला सुरुवातीला त्यात फारसं काही वाटलं नव्हतं. डबा कुठे आहे हे मामांना फोन केला की कळतंच. पण काही महिन्यांनी एक वेगळीच गोष्ट समोर आली. या व्यवस्थेचे मासिक अहवाल यायला लागले आणि त्यात टर्मिनलनिहाय, सीएफएसनिहाय डबा किती तास पडून राहतो ते छापून यायला लागलं. कोण पहिला, कोण शेवटचा. तोवर उशीर झाला की टर्मिनल सीएफएसकडे बोट दाखवे, सीएफएस कस्टमकडे, कस्टम एजंटकडे, एजंट ट्रान्सपोर्टकडे, आणि आम्ही ड्रायव्हरकडे. ड्रायव्हरच्या पुढे बोट दाखवायला कुणी नसे. आता प्रत्येक टप्प्याचा वेळ स्वतंत्र दिसू लागला. आपलं नाव तक्त्यात तळाला आलेलं कुणालाच आवडत नाही. माझ्या मते टॅगपेक्षा जास्त काम त्या तक्त्याने केलं.

मग मध्यवर्ती पार्किंग प्लाझा झाला. सुमारे ४५ हेक्टर, दीड हजार ट्रेलरांची जागा. कारखान्यात भरलेल्या निर्यातीच्या डब्यांची कस्टमची प्रक्रिया तिथेच होते आणि मोकळीक मिळालेली गाडी टर्मिनलकडे निघते. पार्किंग म्हटलं तर नुसतं मैदान. पण रस्त्यावरच्या रांगेत आणि मैदानात फरक असा की मैदानात इंजिन बंद करता येतं. पुढची गाडी सरकली म्हणून आपण सरकायचं कारण नाही. आपला नंबर नोंदलेला असतो, कुणी मधे घुसत नाही. मामांची कमजोर बॅटरी तिथे चालली असती. संडास-आंघोळीची सोय असते हे वेगळं. पर्यावरणाच्या अहवालात ती येत नाही, पण ड्रायव्हरला आधी तीच आठवते.

२७ जून २०१७

एवढं सगळं यंत्रावर गेल्यावर यंत्र बसलं तर काय होतं, याची चव लवकरच मिळाली. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेला नॉटपेट्या नावाचा व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. तिच्या गटातल्या ७६ टर्मिनलांपैकी १७ ठप्प झाली. त्यातलं एक न्हावा-शेव्याचं. कुठला डबा कुठे ठेवलाय हे सांगणारा कॉम्प्युटरच अंध. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असं तिच्या अध्यक्षांनी नंतर दावोसमध्ये सांगितलं.

इकडे कळंबोलीत आम्हाला त्यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं की गेट बंद आहे आणि कधी उघडेल ते कुणाला माहीत नाही. गाड्या निघालेल्या होत्या. जून अखेर, पाऊस लागलेला, गाड्या रस्त्याच्या कडेला चिखलात. मंत्रालयापर्यंत धावपळ झाली, गाड्या तुंबू नयेत म्हणून जागा शोधल्या गेल्या. त्या दिवसांत मला २०१४ ची रांग पुन्हा दिसली, आणि तिचं कारणही तेच : गाडी दारात, आणि आत जायचं की नाही हे कुणी सांगत नाही. फरक इतकाच की या वेळी बाईकवर पाठवायलाही कागद नव्हता.

रांग कुठे गेली

टर्मिनलच्या गेटवरची रांग पूर्वीसारखी रोजची राहिली नाही. जहाजं एकदम आली, पावसाने वेळापत्रक कोलमडलं किंवा महिनाअखेरीची निर्यात एकदम उसळली की अजून लागते. पण रोजचा त्रास विचाराल तर आता ड्रायव्हर वेगळं नाव घेतात : एम्टी यार्ड, म्हणजे रिकाम्या डब्यांचं यार्ड.

आयातीचा माल उतरवून रिकामा झालेला डबा शिपिंग लाइनला परत द्यायचा असतो. कुठल्या यार्डात द्यायचा ते लाइनच्या पत्रात असतं. ट्रेलर तिथे पोचतो तर यार्ड भरलेलं. दोन-तीन तास थांबा, नाहीतर दुसऱ्या यार्डाचं पत्र आणा. दुसरं यार्ड वीस किलोमीटरवर. ते पत्र पीडीएफमध्ये येतं, म्हणजे म्हणायला सगळं डिजिटलच. पण यार्डात आत्ता किती जागा आहे हे त्या पीडीएफला माहीत नसतं. यार्डवाल्याला माहीत असतं, तो सांगायला बांधील नसतो.

त्याहून मोठा घोळ रिकाम्या फेरीचा. समजा आमचा ट्रेलर चाकणमध्ये आयातीचा डबा रिकामा करतो. दोन किलोमीटरवरच्या कारखान्याला त्याच दिवशी निर्यातीसाठी रिकामा डबा हवा आहे. शहाणपण काय सांगतं? हाच डबा तिकडे न्या. प्रत्यक्षात रिकामा डबा सव्वाशे किलोमीटर खाली उरणला जातो आणि तिथून दुसरा रिकामा डबा घाट चढून चाकणला येतो. कारण डबा एका लाइनचा, बुकिंग दुसऱ्या लाइनचं. कधी दोन्ही एकाच लाइनचं असतं, तरी जुळणी होत नाही. एकाची माहिती आयात विभागात, दुसऱ्याची निर्यात विभागात. अडीचशे किलोमीटरची वर्दळ होते, माल एक किलोही हलत नाही. रांगेतलं सात-आठ लिटर याच्यापुढे किरकोळ वाटायला लागतं.

ही जुळणी करायचं तंत्र अवघड नाही. लॉजिस्टिक्स डेटा बँकेकडे डबे कुठे आहेत त्याची माहिती आहे, लाइनांकडे बुकिंग आहे, २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणासोबत सरकारी खात्यांचा डेटा एका ठिकाणी जोडणारा मंच आला आहे. अडतं ते वेगळ्या जागी. फॉर्म तेरा ऑनलाइन करण्यात कुणाचंच नुकसान नव्हतं, सगळ्यांचा वेळच वाचत होता. रिकामे डबे कुठे किती पडलेत हे मात्र शिपिंग लाइनचं धंद्याचं गुपित आहे. ते प्रतिस्पर्ध्याला दिसलं तर भाडं ठरवण्याची ताकद जाते. यार्डाला साठवणीचं आणि उचलीचं भाडं मिळतं. डिझेल जळतं ट्रान्सपोर्टरचं, धूर जातो गावात. माहिती ज्याच्याकडे आहे त्याला ती दाखवून एक रुपया मिळत नाही, अशा जागी कितीही टॅग लावले तरी गाडी थांबतेच.

तोवर जुळणी करतो व्हॉट्सअॅप. माझ्या फोनमध्ये असे चार ग्रुप आहेत. 'भेंडखळचं यार्ड फुल, कुणी येऊ नका.' 'तळेगावात वीस फुटी रिकामा, कुणाला हवाय?' फोटो, व्हॉइस मेसेज, मधेच सुप्रभातचं गुलाबाचं फूल. गेट बंद झाल्याची खबर अधिकृत सूचनेच्या आधी इथे येते, कारण ती रांगेत उभ्या असलेल्या माणसाने टाकलेली असते. यातून रोज किती लिटर वाचतं ते कुठल्याही अहवालात येणार नाही.

वेळ देऊन बोलवायचं तर

गाड्यांना ठरावीक वेळ द्यायची, म्हणजे रांगच लागणार नाही, हा उपाय कागदावर सगळ्यात सुंदर. अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या जोड बंदरांचा अनुभव यासाठी बघण्यासारखा आहे. तिथे २००५ मध्ये दिवसा येणाऱ्या डब्यांवर जादा शुल्क लावलं, रात्री माफ. हेतू असा की गर्दी रात्रीकडे सरकावी. सरकली. पण संध्याकाळी सहाला माफी सुरू होते म्हटल्यावर पाच वाजल्यापासून गाड्या दाराबाहेर इंजिन चालू ठेवून उभ्या राहायला लागल्या. धुराची जागा तीच राहिली, वेळ बदलली. शेवटी २०१८ मध्ये ती रचना मोडून दिवस-रात्र सारखं शुल्क आणि सोबत ऑनलाइन अपॉइंटमेंट अशी पद्धत आणली.

आपल्याकडे अपॉइंटमेंट देताना घाट विसरून चालणार नाही. खंडाळ्यात एक टँकर आडवा झाला की पुण्याकडच्या सगळ्या गाड्यांची वेळ हुकते. गणपतीत अवजड वाहनांना बंदी लागते. शहरांत नो एंट्रीच्या वेळा आहेत आणि त्या एका गावाच्या दुसऱ्या गावाशी जुळत नाहीत. वेळ हुकलेल्याला दंड ठेवला तर ड्रायव्हर चार तास आधीच येऊन उभा राहील. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. फास्टॅगच्या नाक्यावर गाडी दिसली की तिची वेळ आपोआप पुढे-मागे व्हायला हवी. नाका एकाच्या ताब्यात, गेट दुसऱ्याच्या.

दरम्यान गाड्याच बदलताहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये न्हावा-शेव्यात बॅटरी बदलता येणाऱ्या अवजड इलेक्ट्रिक ट्रकांचा ताफा सुरू झाला, बॅटरी बदलण्याच्या स्टेशनासकट. पोर्टाच्या आतल्या आणि जवळच्या फेऱ्यांसाठी ते उत्तम. रांगेत उभा इलेक्ट्रिक ट्रक धूर सोडत नाही, एवढ्यानेही करळची हवा बदलेल.

पण डिझेलचे ट्रेलर अजून बरीच वर्षं राहणार आणि त्यांच्या बाबतीत एक नवी गोष्ट सुरू झाली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे. उरणच्या मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये ज्याने दुपार काढलीय त्याला या नियमाचं मोल विचारावं. तो पन्नास वर्षं उशिरा आला एवढीच माझी तक्रार. एसी मात्र इंजिनावर चालतो. पूर्वीचा ड्रायव्हर यार्डाबाहेर इंजिन बंद करून गाडीच्या सावलीत चटई टाकून झोपायचा. नवा ड्रायव्हर केबिनमध्ये एसी लावून झोपेल, आणि त्याने झोपावंच. म्हणजे आजवर उभ्या गाडीचा जो तास अर्धा जळत होता तो आता पूर्ण जळणार.

हा हिशेब कुणी करायचा म्हटला तर लागणारं सगळं पडून आहे. डबा यार्डाच्या गेटवर कधी आला आणि कधी गेला ते टॅग सांगतो. गाडी कुठल्या भारत स्टेजची ते नोंदणीच्या वाहन पोर्टलवर आहे. तासाला किती लिटर ते कुठलाही मेस्त्री सांगेल. मी चाळलेल्या मासिक अहवालांत तासांचा रकाना होता, लिटरचा नव्हता. डीपीडी, सीएफएस, टर्मिनल यांची नावं होती. एम्टी यार्डांचा तक्ता मला त्यात सापडला नाही.

मामा तीन वर्षांपूर्वी गाडीवरून उतरले. त्यांचा मुलगा त्याच मार्गावर चालवतो, एसीवाल्या नव्या घोड्यावर. गेल्या आठवड्यात रात्री पावणेबाराला त्याचा फोन आला. यार्ड फुल आहे, पत्र बदलून द्या. मागून एकसुरी घरघर ऐकू येत होती. लाइनचं ऑफिस सकाळी दहाला उघडतं.